पिकेटची डिव्हिजन कुठे पाठवायची? मे १८६३ मधील एका सैन्यवाटपाचे प्रकरण

अमेरिकन यादवी युद्धात, ९ मे १८६३ रोजी, फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या कॉन्फेडरेट सरकारचा युद्धमंत्री जेम्स सेडन याने राजधानी रिचमंडमधून व्हर्जिनियातील सैन्याचा सेनापती जनरल रॉबर्ट ई. ली याला एक तार केली. मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्गच्या रक्षणासाठी जॉर्ज पिकेटची डिव्हिजन, म्हणजे सुमारे सात-आठ हजार माणसे, पश्चिमेला पाठवता येतील का, अशी विचारणा तीत होती. लीचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. प्रस्ताव धोक्याचा आहे, अंतर फार आहे, तिकडे या सैन्याचा उपयोग कसा होईल याची खात्री नाही, आणि शेवटी हा प्रश्न व्हर्जिनिया राखायचे की मिसिसिपी असा होऊन बसतो, असा त्या उत्तराचा आशय होता. राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसने त्यावर शेरा दिला की, लीकडून आपल्याला असेच उत्तर अपेक्षित होते आणि ते आपल्याला मान्य आहे. डिव्हिजन व्हर्जिनियातच राहिली. आठ आठवड्यांनी, ४ जुलैला, व्हिक्सबर्ग पडले, आणि त्याच्या आदल्या दिवशी हीच डिव्हिजन पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गच्या उघड्या शेतांत कापली गेली होती.

या निर्णयाबद्दल लिहिताना बहुतेक लोक दोनपैकी एक बाजू घेतात. लीला व्हर्जिनियापलीकडे काही दिसत नव्हते, असे काही म्हणतात. जिथे विजय मिळत होते तिथेच सैन्य ठेवणे शहाणपणाचे होते, असे दुसरे म्हणतात. कागदपत्रे आणि तारखा शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे मत वेगळे झाले. १० मे रोजी लीने दिलेले उत्तर त्या दिवसापुरते बऱ्याच अंशी बरोबर होते. चूक झाली होती ती त्याआधीच्या पाच महिन्यांत, आणि ती करणारी माणसे रिचमंडमध्ये बसली होती.

दोन आघाड्या, एक सैन्य

पूर्व आघाडीचा पसारा लहान होता. वॉशिंग्टन आणि रिचमंड या दोन राजधान्या एकमेकींपासून जेमतेम शंभर मैलांवर होत्या, मधल्या नद्या पूर्वेकडे वाहत होत्या, आणि उत्तरेच्या सैन्याला त्यांतली प्रत्येक नदी ओलांडूनच पुढे यावे लागत होते. पश्चिम आघाडी अ‍ॅपलाचियन डोंगरांपासून मिसिसिपी नदीपर्यंत पसरलेली होती आणि तिथे नद्यांची दिशाच दक्षिणेच्या विरोधात होती. टेनेसी, कंबरलंड आणि स्वतः मिसिसिपी या नद्यांनी उत्तरेच्या लोखंडी गनबोटींना दक्षिणेच्या पोटात शिरायला रस्ता दिला होता. फेब्रुवारी १८६२ मध्ये हेन्री आणि डोनेल्सन हे किल्ले गेले, त्यामागोमाग नॅशव्हिल गेले, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स आणि जूनमध्ये मेम्फिस गेले. १८६३ च्या सुरुवातीला व्हिक्सबर्ग आणि पोर्ट हडसन या दोन ठाण्यांमधला नदीचा पट्टाच काय तो दक्षिणेच्या हाती उरला होता. टेक्सास, आर्कान्सा आणि पश्चिम लुइझियाना यांचा उरलेल्या संघाशी संबंध त्या पट्ट्यावर अवलंबून होता.

गुलामगिरी टिकवण्यासाठी उभ्या राहिलेल्या या अकरा राज्यांच्या संघाला आपले सैन्य एका जागी गोळा करणे मुळातच जड जात होते. उत्तरेची फौज जवळ आली की मळ्यांवरचे गुलाम पळून तिच्याकडे जात, त्यामुळे प्रत्येक गव्हर्नर आणि प्रत्येक मळेवाला आपल्या दारात शिबंदी मागत असे. डेव्हिसने त्यासाठी देशाचे लष्करी विभाग पाडले होते. प्रत्येक विभागाचा सेनापती थेट रिचमंडला उत्तरदायी होता आणि आपल्या विभागातली माणसे दुसऱ्याला देण्यास नाखूश होता. अशा व्यवस्थेत रोजचे संरक्षण चालून जात होते. पण एका विभागावर मोठे संकट आले की दुसऱ्याच्या पदरातून काढून तिथे कुमक घालण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाखेरीज कोणालाच नव्हता, आणि तो अधिकार वापरायचा म्हणजे एका सेनापतीला दुखवायचे.

नोव्हेंबर १८६२ मध्ये डेव्हिसने जोसेफ जॉन्स्टनला पश्चिमेचा प्रमुख नेमले ते ही अडचण सोडवण्यासाठीच. टेनेसीतला ब्रॅक्स्टन ब्रॅग आणि मिसिसिपीतला जॉन पेंबर्टन हे दोघेही त्याच्या हाताखाली आले. नकाशावर ही रचना चांगली दिसते. प्रत्यक्षात दोघेही परस्पर रिचमंडशी पत्रव्यवहार करत राहिले आणि रिचमंड त्यांना परस्पर हुकूम देत राहिले. शिवाय व्हिक्सबर्ग ज्या नदीवर होते तिच्या पलीकडच्या काठावर जॉन्स्टनचा अधिकार चालतच नव्हता, कारण तो वेगळा विभाग होता. नदी ही दोन विभागांमधली शीव धरली गेली होती, आणि शत्रू त्या शिवेवरूनच येत होता. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत घातक वाटते ती हीच गोष्ट.

पहिला परिणाम डिसेंबरमध्येच दिसला. पेंबर्टनला कुमक हवी होती. जॉन्स्टनचे म्हणणे होते की ती नदीपलीकडच्या आर्कान्सातून, थिऑफिलस होम्सच्या सैन्यातून यावी, कारण ती जवळची आहे, तर टेनेसी आणि मिसिसिपी यांच्यामधले अंतर फार मोठे आहे. डेव्हिस त्या वेळी स्वतः पश्चिमेच्या दौऱ्यावर होता. त्याने होम्सला पत्र लिहून गळ घातली, पण ठाम हुकूम दिला नाही. जॉन्स्टनच्या विरोधाला न जुमानता त्याने ब्रॅगच्या सैन्यातून कार्टर स्टीव्हन्सनची डिव्हिजन काढून पेंबर्टनकडे पाठवली. काही दिवसांतच, ३१ डिसेंबरला, स्टोन्स रिव्हरची लढाई उभी राहिली आणि ब्रॅगला त्या डिव्हिजनशिवाय लढावे लागले. पुढे जॉन्स्टनने उलट दिशेने हेच केले. अर्ल व्हॅन डॉर्नचे घोडदळ त्याने मिसिसिपीतून टेनेसीत ब्रॅगकडे नेले. एप्रिलमध्ये उत्तरेच्या ग्रिअर्सनच्या घोडेस्वारांनी मिसिसिपी राज्य उभे चिरत रेल्वे उखडली तेव्हा त्यांना अडवायला पेंबर्टनकडे पुरेसे घोडदळ उरले नव्हते. व्हिक्सबर्गवर चालून येणारा उत्तरेचा सेनापती ग्रँट कुठे आहे, किती माणसांनिशी आहे, हे पाहायलाही ते नव्हते.

सफोकमधले अडीच महिने

आता पूर्वेकडे वळू. फेब्रुवारीच्या मध्यावर लीने आपल्या सैन्यातून जेम्स लॉंगस्ट्रीटला हुड आणि पिकेट यांच्या दोन डिव्हिजन देऊन आग्नेय व्हर्जिनियात पाठवले. रिचमंडच्या दक्षिणेला उत्तरेची फौज उतरण्याची भीती होती हे एक कारण. खरी निकड अन्नाची होती. उत्तर व्हर्जिनिया दोन वर्षांच्या युद्धाने ओरबाडले गेले होते, सैनिकांचा शिधा कमी केला होता, घोडे चाऱ्यावाचून वाळले होते. राजधानीत २ एप्रिलला भुकेल्या बायकांनी पावासाठी दंगल केली. लॉंगस्ट्रीटच्या माणसांनी तिथल्या सफोक या उत्तरेच्या ताब्यातील गावाला वेढा घातला आणि त्या आडोशाने आसपासच्या जिल्ह्यांतून मका आणि खारवलेले डुकराचे मांस गाड्या भरभरून गोळा केले.

म्हणजे फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत लीच्या दोन उत्तम डिव्हिजन त्याच्या मुख्य सैन्याबरोबर नव्हत्याच. ३० एप्रिलला उत्तरेचा सेनापती हूकर रॅपहॅनॉक नदी ओलांडून चालून आला तेव्हाही त्या सफोकलाच होत्या. सुमारे ६० हजार माणसांनिशी लीने दुपटीहून मोठ्या फौजेला चान्सेलर्सव्हिलला मागे रेटले. त्या विजयाची किंमत सुमारे १३ हजार माणसे होती, आणि त्यांत लीचा नामांकित सेनानी स्टोनवॉल जॅक्सन होता, जो सेडनच्या तारेला उत्तर गेले त्याच १० मेच्या दिवशी मरण पावला. तरीही या दोन डिव्हिजनांशिवाय व्हर्जिनिया राखता येते हे त्या लढाईने दाखवून दिले होते. आठवड्याभरातच त्यांतल्याच एकीवर व्हर्जिनियाचे भवितव्य अवलंबून आहे असे लीने लिहावे, हे त्याच्या युक्तिवादातले सर्वांत कच्चे ठिकाण आहे.

सैन्य पश्चिमेला पाठवायचे तर हा हंगाम योग्य होता. लिंचबर्ग, नॉक्सव्हिल, चॅटनूगा हा व्हर्जिनियातून टेनेसीत जाणारा थेट रेल्वेमार्ग तेव्हा दक्षिणेच्या ताब्यात होता. एप्रिलमध्ये सेडनने तसे सुचवलेही. पण त्याच सुमारास पेंबर्टनने कळवले की ग्रँट माघार घेऊन मेम्फिसकडे परत जात असावा; इतकेच काय, आपल्याकडची काही माणसे ब्रॅगकडे परत पाठवण्याची तयारीही त्याने केली. १६ एप्रिलच्या रात्री उत्तरेच्या आरमाराच्या, पोर्टरच्या हाताखालच्या गनबोटी व्हिक्सबर्गच्या तोफांसमोरून खाली उतरल्या तेव्हा ही समजूत मोडली. ३० एप्रिलला ग्रँट ब्रूइन्सबर्गला पूर्व काठावर उतरला. मधले दोन आठवडे रिचमंडमध्ये पत्रांची देवाणघेवाण चालू होती.

लॉंगस्ट्रीटने मेच्या पहिल्या आठवड्यात रिचमंडमधून जाताना सेडनपुढे एक वेगळी योजना मांडली. व्हिक्सबर्गला तुकडीतुकडीने माणसे पाठवू नयेत. आपल्या डिव्हिजन आणि जॉन्स्टनची माणसे ब्रॅगपाशी एकत्र करून टेनेसीत उत्तरेचा सेनापती रोझक्रान्स याच्यावर तुटून पडावे, त्याला मोडून ओहायोच्या दिशेने जावे, म्हणजे ग्रँटला व्हिक्सबर्ग सोडून मागे धावावे लागेल. चार्ल्सटनमधून तिथल्या किनाऱ्याचा सेनापती बोरेगार्डही याच धाटणीच्या योजना पाठवत होता. मला ही योजना सेडनच्या तारेपेक्षा सरस वाटते, कारण रेल्वेने पोहोचता येईल अशा जागी, आधीच उभ्या असलेल्या सैन्यात भर घालणारी ती होती. पण लीला भेटल्यावर लॉंगस्ट्रीटने तिचा आग्रह सोडला, आणि १३ मे रोजी सिनेटर विगफॉलला लिहिलेल्या पत्रात उत्तरेकडे चढाई करायची असेल तर इथून माणसे देता येणार नाहीत, असे त्यानेच कळवले.

लीची तीन कारणे

लीचे पहिले कारण काळाचे होते. पिकेट महिनाअखेरीपूर्वी पोहोचणार नाही आणि तोवर तिकडचा निकाल लागलेला असेल, हे त्याचे गणित अचूक ठरले. १४ मेला मिसिसिपीची राजधानी जॅक्सन पडली, १६ ला चॅम्पियन हिलवर पेंबर्टनचा पराभव झाला (टेनेसीतून आणलेली स्टीव्हन्सनची डिव्हिजन तिथेच सर्वाधिक भरडली गेली), १८ ला वेढा सुरू झाला. ९ मेला निघालेली कोणतीही तुकडी या घटनांच्या आधी पोहोचू शकत नव्हती.

दुसरे कारण हवामानाचे होते. जूनमधला उन्हाळा आणि तापाची साथ ग्रँटला मागे हटायला लावील, असे लीने लिहिले. हे साफ चुकले. व्हिक्सबर्गजवळच्या यझू नदीवरून रसद मिळू लागल्यावर ग्रँटचे सैन्य जूनभर खंदकांत बसून राहिले आणि वाढतच गेले.

तिसरे कारण उपयोगाच्या अनिश्चिततेचे होते, आणि तिथे लीची नजर नेमकी पोहोचली होती. पेंबर्टनला डेव्हिसने ७ मेला तार करून व्हिक्सबर्ग आणि पोर्ट हडसन दोन्ही राखण्याची निकड सांगितली होती. जॉन्स्टन सांगत होता की सैन्य एकत्र करा आणि ग्रँटवर तुटून पडा. पुढे तर त्याने गरज पडल्यास व्हिक्सबर्गही सोडा असे कळवले. दोन वरिष्ठांचे दोन विरुद्ध हुकूम घेऊन पेंबर्टन दोन्हींच्या मधली चाल खेळत राहिला. ९ मेला, म्हणजे सेडनने लीला तार केली त्याच दिवशी, जॉन्स्टनला स्वतः मिसिसिपीत जाण्याचा हुकूम मिळाला. आजारातून नुकताच उठलेला जॉन्स्टन १३ मेच्या संध्याकाळी जॅक्सनला उतरला तेव्हा शत्रू त्याच्या आणि पेंबर्टनच्या मध्ये येऊन उभा होता. त्याने रिचमंडला तार केली आणि शेवटी लिहिले की आपल्याला उशीर झाला आहे.

पश्चिमेला कुमक गेलीच नाही असा जो समज असतो तो खरा नाही. बोरेगार्डच्या किनाऱ्यावरच्या विभागातून ब्रिगेडी (डिव्हिजनचे भाग) निघाल्या, ब्रॅगकडून ब्रेकिनरिजची डिव्हिजन आणि घोडदळ निघाले, आणि जूनमध्ये जॉन्स्टनजवळ सुमारे तीस हजारांच्या घरात माणसे जमली. पिकेटच्या माणसांची चौपट कुमक व्हिक्सबर्गच्या मागे उभी होती, आणि ती लढली नाही. गाड्या नाहीत, जनावरे नाहीत, तोफा नाहीत, अशी जॉन्स्टनची कारणे होती. त्यांत तथ्यही होते. १५ जूनला त्याने व्हिक्सबर्ग वाचवण्याची आशा उरली नाही असे रिचमंडला कळवले. इकडे दुबळ्या झालेल्या ब्रॅगला रोझक्रान्सने २४ जूनपासून दहा दिवसांत, फारशी मोठी लढाई न करता, मध्य टेनेसीतून हुसकून लावले.

नदीपलीकडून मदतीचा एकच नाव घेण्यासारखा प्रयत्न झाला, तो ७ जूनला. वॉकरच्या टेक्सास डिव्हिजनमधील एका ब्रिगेडीने पश्चिम काठावरील मिलिकन्स बेंड या उत्तरेच्या तळावर पहाटे हल्ला केला. तिथे बहुतेक सैनिक काही आठवड्यांपूर्वीपर्यंत मळ्यांवर गुलाम असलेले काळे लोक होते, आणि त्यांच्या हातात बंदुका येऊन फार दिवस झाले नव्हते. बांधाच्या उतारावर संगिनींनी आणि बंदुकांच्या दस्त्यांनी हातघाईची लढाई झाली. त्या पलटणींची भयानक हानी झाली, पण नदीकाठापर्यंत मागे रेटले गेल्यावरही ती माणसे टिकून राहिली आणि गनबोटीच्या तोफा मदतीला आल्यावर टेक्सासचे सैनिक माघारी गेले. मुळात ग्रँटची रसद तोवर त्या काठावरून येतच नव्हती, हेही नदीपलीकडच्या विभागाच्या सेनापतीला वेळेवर कळले नव्हते.

निवाडा कोणी करायचा

मेच्या मध्यावर ली रिचमंडला आला. डेव्हिस आणि सेडन यांच्यापुढे त्याने पेनसिल्व्हेनियावरील स्वारीची बाजू मांडली: सैन्याला शत्रूच्या मुलखात पोसता येईल, व्हर्जिनियातल्या शेतकऱ्याला एक हंगाम मोकळा मिळेल, आणि उत्तरेत विजय मिळाला तर पश्चिमेवरचा दाबही कमी होईल. मंत्रिमंडळात टेक्सासचा जॉन रेगन, जो पोस्टमास्टर जनरल होता, तेवढा शेवटपर्यंत विरोधात राहिला. नदी गेली की त्याचे राज्य तुटणार होते, म्हणून त्याचा विरोध प्रादेशिक ठरवता येतो. पण मग लीचा आग्रह कोणत्या खात्यात टाकायचा? ज्याच्याकडून डिव्हिजन काढून घ्यायची, त्यालाच ती काढावी का हे विचारले गेले. ली एका सैन्याचा सेनापती होता. आपल्या सैन्याची बाजू मांडणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने उत्तम केले. हूकरच्या फौजेत भर पडते आहे असे तो सांगत होता. वस्तुस्थिती अशी होती की दोन वर्षांच्या आणि नऊ महिन्यांच्या मुदतीवर भरती झालेल्या उत्तरेच्या अनेक पलटणी त्याच मे-जूनमध्ये घरी परतत होत्या. दोन्ही आघाड्यांच्या बातम्या एका टेबलावर मांडून हे तपासणारा अधिकारी रिचमंडमध्ये कोणी नव्हता. डेव्हिस स्वतः मिसिसिपीचा, त्याचा मळा व्हिक्सबर्गच्या थोडा खाली नदीकाठीच होता. त्याची तळमळ खरी होती. तरीही त्याने लीच्या म्हणण्यावर सही केली, कारण त्याच्या सर्व सेनापतींमध्ये जिंकणारा तेवढाच एक होता.

एकदा व्हर्जिनियातच सैन्य ठेवायचे ठरल्यावर तेही पुरतेपणी झाले नाही. पिकेटच्या पाचपैकी दोन ब्रिगेडी, कॉर्सची आणि जेंकिन्सची, रिचमंडच्या रक्षणासाठी मागे ठेवल्या गेल्या. लीने त्या पुन्हा पुन्हा मागितल्या. ३ जुलैच्या दुपारी पिकेट तीनच ब्रिगेडी घेऊन सेमेटरी रिजवर चालून गेला आणि निम्म्याच्या आसपास माणसे गमावून परतला. व्हिक्सबर्गला त्या दिवशी सकाळी पांढरी निशाणे वर गेली होती, आणि दुपारी तीनच्या सुमारास, पिकेटची माणसे शेत ओलांडत असताना, पेंबर्टन एका ओकच्या झाडाजवळ ग्रँटशी शरणागतीच्या अटी बोलत होता. दुसऱ्या दिवशी २९ हजारांहून अधिक सैनिकांनी तिथे शस्त्रे खाली ठेवली. ९ जुलैला पोर्ट हडसनही गेले.

सप्टेंबरमधली दुसरी परीक्षा

तोच प्रश्न ऑगस्टअखेर पुन्हा उभा राहिला. चॅटनूगावर रोझक्रान्स चालून येत होता. डेव्हिसने लीला बोलावून घेतले आणि तू स्वतः पश्चिमेला जा असेही सुचवले. लीची त्याला तयारी नव्हती. सैन्य पाठवण्याचा निर्णय सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला, आणि तोवर उत्तरेच्या बर्नसाइडने नॉक्सव्हिल घेतले होते. थेट रेल्वेमार्ग तुटला. हुड आणि मॅक्लॉज यांच्या डिव्हिजनांना, म्हणजे सुमारे १२ हजार माणसांना, दोन्ही कॅरोलिना, ऑगस्टा आणि अटलांटा असा जवळजवळ दुप्पट लांबीचा वळसा घालून जावे लागले. पिकेटची डिव्हिजन या वेळी पाठवण्याच्या अवस्थेत नव्हती, ती रिचमंडजवळ ठेवली गेली.

रूळ झिजलेले होते. काही मार्ग ४ फूट ८॥ इंच रुंदीचे तर काही ५ फुटी, त्यामुळे वाटेत माणसे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावी लागत. मालाच्या डब्यांत, उघड्या वाघिणींवर, छपरांवर माणसे बसली. हवा यावी म्हणून त्यांनी डब्यांच्या फळ्या उचकटून टाकल्या. १९ सप्टेंबरच्या दुपारी लॉंगस्ट्रीट कटूसा स्टेशनवर उतरला तेव्हा चिकमॉगाची लढाई सुरू झालेली होती आणि त्याला घ्यायला ब्रॅगकडून कोणीही आले नव्हते. मागून येणाऱ्या गाडीतले घोडे मिळेपर्यंत तो दोन तास थांबला, आवाजाच्या दिशेने निघाला, अंधारात शत्रूच्या चौकीवर जाऊन आदळता आदळता वाचला, आणि रात्री अकराच्या सुमारास ब्रॅगच्या तळावर पोहोचला. सगळे पायदळ अजून आले नव्हते, तोफखाना तर लढाई संपल्यावर आला. तरीही २० तारखेला सकाळी अकरानंतर, उत्तरेच्या रांगेत चुकीच्या हुकमामुळे पडलेल्या खिंडारातून, त्याने चढवलेल्या हल्ल्याने रोझक्रान्सची उजवी बाजू उधळली. पश्चिमेत दक्षिणेला मिळालेला हा सर्वांत मोठा विजय, आणि त्याची किंमत १८ हजारांहून अधिक माणसे होती.

ब्रॅगने पाठलाग केला नाही. रोझक्रान्स चॅटनूगात शिरून बसला. उत्तरेने २३ सप्टेंबरच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये बैठक घेतली, आणि दोन दिवसांत आपल्या पूर्वेतल्या, पोटोमॅकच्या सैन्यातून हूकरच्या हाताखाली वीस हजारांच्या आसपास माणसे बाराशे मैलांच्या रेल्वेप्रवासाला निघाली. तिथेही पूर्वेच्या सेनापतीचे सैन्य काढून घेतले गेले, पण तो निवाडा युद्धमंत्री स्टॅंटन आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी स्वतः केला, त्या सैन्याचा सेनापती मीड याच्यावर सोपवला नाही. चॅटनूगाच्या वेढ्यात ब्रॅग आणि लॉंगस्ट्रीट यांचे बिनसले, डेव्हिस समेट घडवायला येऊन गेला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रॅगने लॉंगस्ट्रीटला नॉक्सव्हिल परत घेण्यासाठी पाठवून दिले. २५ नोव्हेंबरला ग्रँटची माणसे मिशनरी रिज चढून वर आली तेव्हा व्हर्जिनियातून एवढ्या आटापिट्याने आणलेल्या त्या दोन डिव्हिजन सुमारे शंभर मैलांवर, नॉक्सव्हिलच्या तटाबाहेर बसल्या होत्या.